पनाळीतला बोळा

आमच्या दुकानावर पाटी लागणार म्हणून माझ्या पोरानं, प्रफुलनं, मांडव टाकला. लग्नाचा नाई, पाटीचा! जटपुरा गेटाच्या आत, भर बाजारात, सागवानी खांबाचं हे एकच दुकान उभं राह्यलं. बाकीच्याइनं काचा बसवून टाकल्या. म्हणून वारसा समितीनं त्याले यादीत घेतलं. आता साधा खिळा ठोकाचा तरी परवानगी लागते. मी म्हटलं, बरं झालं. आता प्रफुल करवत घेऊन पनाळीच्या मागं लागणार नाई.

पनाळ म्हणजे काय ते सांगते. दुकानाचा ओटा छातीइतका उंच. गादीपासून रस्त्याकडे उतरती अशी सागवानाची एक पनाळ ओट्याच्या कडेले आहे. आम्ही आज बौद्ध. पनाळ बसवली तेव्हा अस्पृश्य होतो. दुकान शेठचं होतं अन् आमच्या माणसाले पायरी चढाची मनाई. रस्त्यावर उभं राह्यचं, पैसे दगडावर ठेवाचे. शेठचा नोकर पाणी शिंपून ते उचले. मंग शेठ वरून पनाळीत मीठ, मिरची, चणे सोडे. खाली बाईनं पदर पसरावा. पदरात पडलं ते आपलं, धुळीत पडलं ते वेचाचं. माझी सासू मंगली, पोरगी होती तेव्हापासून इथी पदर पसरत आली.

छप्पन साली दीक्षा झाली. माझ्या सासऱ्यानं कोळशाच्या खाणीत छाती काळी केली, अन् शेठची पोरं नागपूरले निघून गेली तेव्हा हेच दुकान घेतलं. लोक म्हणत, पह्यले ते पनाळ तोडा. सासू म्हणे, "राहू द्या. मी वर बसून पाहीन तिच्याकडं." तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा बोळा करून पनाळीच्या तोंडात ठासला, अन् दुकानाचा कायदा केला: खाली उभ्याले सौदा नाई. गोंडपिपरीचा म्हातारा असो का जिवतीची पोरगी, पायरी चढाची, ओट्यावर बसाचं, पाणी प्याचं, मंग काय पाह्यजे ते बोलाचं. घाईतले लोक अजून चिडतात. चिडोत! दरवर्षी सोळा ऑक्टोबरले, आमच्या गावच्या दीक्षेच्या दिवशी, बोळा बदलाचा. सासूच्या मागं ते काम माझं.

तं पाटीचा दिवस. समितीचे साहेब आले, प्रफुलच्या खांद्यावर सत्काराची शाल पडली, पाटीवरचा पडदा ओढला. मले वाचता येते, पण अक्षर अक्षर करून. सुनेले म्हटलं, दीपाली, वाच. ती वाचत गेली अन् तिचा आवाज बारीक होत गेला.

"धान्य न सांडता ग्राहकापर्यंत पोचवणारी कलात्मक लाकडी पन्हळ ही जुन्या व्यापाऱ्यांच्या कल्पकतेची साक्ष आहे."

लोकाइनं टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा भडका झाला.

"हे कोणं लिहिलं?"

साहेबानं प्रफुलकडं पाह्यलं. "माहिती तुमच्या मुलानंच दिली, रुखमाबाई."

"माय, हळू बोल," प्रफुल कानाशी आला. "लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच बोलून राह्यली. तुले माहीत नव्हतं?"

"माहीत आहे. पण आता ते काऊन काढाचं? बाहेरचे लोक येतील, फोटो काढतील. त्याइले काय सांगू, माझी आजी इथी भीक मागे?"

"भीक?" माझा आवाज रस्त्यापलीकडं गेला असंल. "नगद मोजून घे ती! भीक तं तू मागून राह्यला, टाळ्याची. चाल, खाली उतर."

"माय, तमाशा नको करू."

"कलात्मक आहे नं? सांडत नाई नं? मंग साहेबाइले चालवून दाखवू. उतर!"

पन्नाशीचा माणूस, पण माझ्या आवाजाले अजून भेते. उतरला. मी गादीवर गेली, बोळा उपसला अन् मुठीत धरला. आमच्या हातात दुकान आल्यापासून त्या पनाळीतून दाणा गेला नव्हता. चण्याच्या पोत्यात माप बुडवलं.

"पसर काहीतरी."

त्याच्यापाशी काय होतं? सत्काराची शाल. तेच पसरली.

मी माप उलटं केलं. चणे खडखडत गेले. अर्धे शालीत पडले, अर्धे उडून रस्त्यावरच्या काळ्या धुळीत. दोघं-तिघं हासले. अन् प्रफुल दुकानदाराचा पोरगा, दाणा वाया जाऊ देणं त्याच्या हाताले माहीत नाई. तो आपसूक खाली वाकला अन् वेचू लागला. चार-पाच दाणे उचलले असतील, तं हात थांबला. त्याले समजलं आपण कुठी वाकलो ते.

"राहू दे," मी म्हटलं. "तुझ्या आजीनं लय वेचले."

तो वाकलेलाच होता. तसाच बोलला, "साहेब, ते पाटी काढा."

"अहो, मजकूर मंजूर झालेला आहे. आता बदलायचा म्हणजे पुन्हा बैठक..."

"घ्या मंग बैठक. खरं काय ते माझी माय सांगंल. पण हे आधी काढा."

साहेबानं माणसाले खूण केली. पाटी उतरली. प्रफुल शाल झटकत उभा राह्यला, माझ्याकडं मान वर करून पाहू लागला. डोळे भरले होते. काहीतरी म्हणाचं होतं त्याले.

माझा राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेला नाई. मी बोळा पनाळीत परत ठासला, अंगठ्यानं आत दाबला.

"खाली उभ्याचं इथी आयकत नाई," मी म्हटलं. "वर ये. बस. पाणी पी. मंग बोल."