थोरलीचे हात

बागेत काजूची बोंडं पिकली की या घरात दिवस कधी उजाडला नि कधी मावळला ते कळत नसे. त्या दिवशीही थोरली लेक सकाळपासून मागच्या पडवीत भाजलेल्या बिया फोडत बसली होती. दहाव्या वर्षापासून तिचं हेच चाललं होतं. सालीतलं तेल बोटांना लागायचं, राख चोळली तरी कातडी भाजायची, सोलून निघायची आणि काळी पडायची. तिथे घरोघरी अशीच वाटणी होती. दोन मुली असल्या की एकीला फोडायला बसवायचं आणि दुसरीचे हात लग्नासाठी जपायचे. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, याचीच चीड येते.

दुपारी धाकटीला बघायला पाहुणे आले. थोरलीने बोंडं चिरली, मीठ भुरभुरवलं आणि ताटली दाराआडूनच आईच्या हाती दिली. रस हनुवटीवरून ओघळेपर्यंत मंडळींनी बोंडांवर ताव मारला. मग काजूगरांची बशी आली.

“अहो, एकसुद्धा तुकडा नाही!” मुलाची आई खूश झाली. “इतकं सुबक कोण फोडतं हो?”

“आहे एक कामवाली,” वडील म्हणाले. त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

दाराआड थोरलीने ते ऐकलं. पाहुणे आले की लपायची तिला सवय होती. पण आजवर ती निदान या घरची लेक तरी होती.

“मग मुलीबरोबर तिलाही पाठवून द्या. आमचीही बाग मोठी आहे, आणि माणसं टिकत नाहीत मेली.”

“पाठवू की! त्यात काय एवढं?”

थोरली तशीच बाहेर आली. हात तिने मागे लपवले नाहीत.

“आई, मी कोण ते सांग यांना.”

आई बशीकडे बघत राहिली. “आत जा ना गं,” एवढंच पुटपुटली.

“माझी ताई आहे ती,” धाकटी ताडकन उठली. “सख्खी.”

मुलाच्या आईने हातातला गर बशीत परत टाकला. “असल्या लपवाछपवीच्या घरात सोयरीक नको,” म्हणत मंडळी उठली. बांधून दिलेली बोंडांची पिशवी न्यायला मात्र विसरली नाहीत.

ते गेले नि वडिलांचा पारा चढला. “जमत आलेलं मोडलंत दोघींनी! आता हिचे तरी हात कशाला जपायचे?” त्यांनी बियांची टोपली धाकटीपुढे ढकलली.

थोरलीने ती उचलून त्यांच्याच पायाशी ठेवली. “आधी तुम्ही बसा, बाबा. एकच दिवस. मग कुणाला बसवायचं ते सांगा.”

वडील पाय आपटत बाहेर निघून गेले.

आई भिंतीला टेकून मटकन खाली बसली. या वयातही तिचे हात मऊ, स्वच्छ होते.

“मलाही एक ताई होती,” ती म्हणाली. “माझ्या लग्नात तिला कामवालीच म्हटलं होतं. मी गप्प बसले.”

“आज तरी बोलायचं होतंस गं,” थोरली म्हणाली.