चौथ्या मजल्यावरचा फ्रिज

नूरिस आब्रेउ आमच्या सांतियागोच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची. 'हरित कार्यालय' नावाची मोहीम निघाली आणि कुणाच्या तरी गळ्यात मारायची म्हणून तिच्या गळ्यात मारली गेली. आम्ही प्रवेश विभागातल्या बायका धरूनच चाललो होतो, की भिंतींवर हिरवी चित्रं लागतील, एखादा फोटो निघेल आणि विषय संपेल.

पण नूरिसने ना भाषण ठोकलं, ना चित्रं लावली. दुपारी ती एकेका विभागात कॉफीला येऊन बसायची. कुणाच्या हातात थर्माकोलचा कप दिसला तर सहज विचारायची, घरी पाहुण्यांनाही यातूनच देतेस का? ज्या बाईला असं विचारलं जायचं ती दुसऱ्या दिवशी घरून कप घेऊन यायची. मग विषय निघाला एसीचा. बाहेर अंगाची लाही होत असायची आणि आम्ही आत स्वेटर घालून कुडकुडत बसायचो. "थंडीच हवी असेल तर कोन्स्तान्साच्या डोंगरावर जा की बायांनो," नूरिस म्हणाली. थोडी कुरकुर झाली, पण स्वेटर निघाले आणि एसी चोविसावर आला. परीक्षा विभाग कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायला लागला. लोक तिच्या शब्दाखातर करायचे आणि करता करता त्यांना सवय लागायची.

प्रत्येक खोलीत एकेक जुना, घरघरणारा फ्रिज होता. नूरिसने प्रशासनाला सुचवलं, की दर मजल्यावर एक मोठा, कमी वीज खाणारा फ्रिज आधी आणा आणि मगच हे जुने हलवा. उपकुलगुरू तावारेस यांना त्यातला शेवटचा भाग फार आवडला. एका सोमवारी हमाल आले आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळे फ्रिज उचलून घेऊन गेले. दारावर परिपत्रक चिकटवलं होतं, "हरित कार्यालय मोहिमेच्या शिफारशीनुसार." नवे फ्रिज 'योग्य वेळी' येणार होते.

आमच्याच विभागाच्या अभिलेख कक्षातली योकास्ता नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीचं दार लावून दूध काढायची आणि बाटली आमच्या फ्रिजात ठेवायची. संध्याकाळी ते घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी तिची आई ते बाळाला पाजायची. हिशेब विभागातले म्हातारे रादामेस त्यांच्या विभागाच्या फ्रिजात इन्शुलिन ठेवायचे. आता ते डब्यात बर्फ घालून आणू लागले, पण दुपारपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. योकास्तानेही बर्फ घालून पाहिला. दूध नासायला लागलं. मग काढलेलं दूध रोज बेसिनमध्ये ओतायची वेळ आली. बाटली विसळताना एकदा ती वर न बघताच म्हणाली, "आता येतंही कमी. ओतण्यासाठी काढायचं म्हटलं की अंगच आकसतं."

नूरिस जिन्यात भेटली की योकास्ता तोंड फिरवायची. एकटी योकास्ताच नाही, अर्धी इमारत नूरिसवर डाफरत होती. काहींनी मुद्दाम थर्माकोलचे कप पुन्हा आणले आणि तिच्यासमोर त्यातून कॉफी प्यायले. फ्रिज गेले म्हणून एवढा राग का, ते तिला कळेना, तेव्हा मी तिला खाली बोलावून दुधाचं सांगितलं.  ती तशीच चौथ्या मजल्यावर उपकुलगुरूंकडे गेली.

तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तावारेस कोट घालून बसले होते, कारण खोली बर्फासारखी गार होती. पाठीमागे काचेच्या दाराचा उंच फ्रिज, त्यात थंड पेयांच्या आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या ओळीने लावलेल्या. ते म्हणाले, पर्यावरणासाठी प्रत्येकाला थोडी झळ सोसावी लागते, हे तुम्हीच तर शिकवता. नूरिसने विचारलं, साहेब, तुम्ही कुठली सोसलीत? त्यावर ते हसले आणि म्हणाले, इथे पाहुणे येतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नूरिस अभिलेख कक्षाच्या दारात उभी राहिली. योकास्ता बाटलीचं झाकण लावत होती.

"दूध दे."

"तुला काय करायचंय माझ्या दुधाचं?"

"फ्रिजात ठेवायचंय. चल वर."

योकास्ता बाटली घेऊन उठली. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे रादामेस आपला डबा घेऊन, आणि जिन्यात ज्याला कळलं तो हातातला जेवणाचा डबा घेऊन निघाला. तावारेस बाजूच्या बैठकीच्या खोलीत होते. नूरिसने फ्रिजचं काचेचं दार उघडलं, बाटल्या काढून टेबलावर मांडल्या आणि रिकाम्या फळीवर योकास्ताचं दूध ठेवलं. मग इन्शुलिन. मग भाताचे, मासळीचे, तळलेल्या केळ्यांचे डबे.

तावारेस बाहेर आले. हा काय तमाशा आहे, असं त्यांनी विचारलं, तेही नूरिसला नाही, आपल्या सेक्रेटरीला.

उत्तर नूरिसने दिलं. "परिपत्रकावर माझ्या मोहिमेचं नाव आहे. मी या लोकांच्या शेजारी बसून एकेक सवय मागून घेतली होती, साहेब, आणि त्यांनी ती दिली होती. तुम्ही त्या नावाने एका लेकराचं दूध बेसिनमध्ये ओतायला लावलंत. इमारतीत फ्रिज आता हा एकच आहे, म्हणून दूध इथे राहील."

सुरक्षारक्षकाला बोलवावं लागेल, असं तावारेस म्हणाले.

"बोलवा," रादामेस शांतपणे म्हणाले. "त्याचाही डबा खाली उकडतोय. येताना घेऊन यायला सांगा."

आम्ही रोज वर जात राहिलो. पाहुण्यांसमोर मासळीचा वास सुटायला लागला आणि अडलेले फ्रिज एकदम सुटले. दर मजल्यावर एक आला. विद्यापीठाच्या पत्रिकेत तावारेस यांचा फ्रिजवर हात ठेवलेला फोटो छापून आला, खाली 'दूरदृष्टी' हा शब्द. त्या फोटोत उभं राहायला नूरिसलाही बोलावलं होतं. ती गेली नाही. पुढच्या सत्रात मोहीम तिच्याकडून काढून प्रसिद्धी विभागाला दिली, आणि भिंतींवर खरंच चित्रं लागली. काही विभागांनी सवयी टिकवल्या, काहींनी सोडल्या. सोडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. एकदा फसवलेल्या माणसाकडे पुन्हा काही मागायचं कुठल्या तोंडाने?

योकास्ताचं दूध तोवर आटलं होतं. मुलगी डब्याच्या दुधावर गेली. तावारेस सोडा, चौथ्या मजल्यावरून साधा निरोपही तिला कुणी पाठवला नाही. एका रविवारी नूरिस मात्र तिच्या घरी गेली. मीही बरोबर होते. दारातच ती म्हणाली, मला माफ कर.

"तुझी काय चूक?" योकास्ता म्हणाली.

"नाव माझं होतं."

 योकास्ताने कडेवरची मुलगी नूरिसच्या हातात दिली आणि बसायला खुर्ची आणायला आत गेली.