साबुदाण्याचा नवस

आधीच सांगून ठेवते, चूक माझी एकटीची नाही. आमचे हे एसटीच्या खोपट डेपोतून रिटायर झालेले, दिवसभर रिकामे. ठाकुर्लीत भेटेल त्याला सांगत फिरतात, "हौसाबाई पोरीला साबुदाण्यावर पोलीस करायला निघालेल्या!" यांना बोलायला काय जातंय? नाक्यावर दोन ऑम्लेटं खाऊन यायचे आणि वर मला हसायचे.

ऐश्वर्या माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. पाटणहून पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे आलेली. सत्तावीस पूर्ण. यंदा नाही जमलं तर पुढच्या भरतीला वय बसणार नाही, हे तिलाही ठाऊक, मलाही. पहाटे नव्वद फुटी रस्त्यावर धावायची, मग मैदानात गोळा फेकायची. पळण्यात कुणाला ऐकायची नाही. सगळं घोडं गोळ्यापाशी अडलेलं. सहा मीटर गेला की पूर्ण मार्क, आणि हिचा साडेपाचच्या पुढे जाईना.

मैदानी चाचणी तीन महिन्यांवर असताना एका सकाळी ही म्हणाली, "मावशी, मी वेगन झाले. मटण, मच्छी, अंडं, दूध, दही, तूप, काही नको."

मी पुढे एक अक्षर विचारलं नाही. भरती तोंडावर, आणि मटणाचा रस्सा ओरपणारी पोरगी एकदम सगळं सोडते, म्हणजे नवस! दुसरं काय? हल्लीच्या पोरी नवसालाही इंग्रजी नाव ठेवतात. आणि नवस कुणाचा असो, तो विचारू नये. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि साबुदाणा भिजत घातला.

करायचं ते नीट करायचं, हा माझा स्वभाव. उपास म्हटला की डाळ नाही, कडधान्य नाही, गहू नाही. सकाळी खिचडी, दुपारी भगर, संध्याकाळी रताळी नाहीतर बटाटा. दाण्यांनी पित्त होतं म्हणून कूटसुद्धा चिमूटभर. पोरीला एकटीला जड जाऊ नये म्हणून मीही तेच खायला लागले. बिनदुधाचा काळा चहा प्यायले. सुकटीचा डबा शेजारच्या मृणालला देऊन टाकला, तेव्हा माझा जीव किती तुटला ते माझं मला माहीत.

एकदा ऐशूनं हळूच विचारलं, "मावशी, मटकीची उसळ करूया का?"

मी डोळे वटारले. "चालेल का आपल्याला?"

बिचारी खिचडीवर लिंबू पिळून जेवली.

हे ताटात डोकावून म्हणायचे, "यंदा नवरात्र संक्रांतीलाच बसलं वाटतं."

महिना झाला. पोरगी पार ढेपाळली. दर दोन तासांनी भूक, दुपारी झोप, आणि गोळा पाच मीटरवरच येऊन पडायला लागला. एका संध्याकाळी तिला शिकवणारे सूरज सर स्वतः घरी आले. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी चिडलेले. मी खिचडीची बशी पुढे केली, तर त्यांनी कपाळाला हातच लावला.

"मावशी, हे रोज?"

"रोज! एक दिवस चुकवला नाही," मी तोऱ्यात सांगितलं.

"अहो, साबुदाणा, भगर, बटाटा! पळायला दम मिळेल, पण अंगाला मांस कशानं धरणार? गोळा काय नुसत्या दमावर जातो? वेगन म्हणजे उपास नव्हे. डाळी द्या, उसळी द्या, सोयाबीन द्या. ताटात भात असेल तर शेजारी तेवढंच घट्ट वरण. ऐश्वर्या, मी तुला कागदावर लिहून दिलेलं ना?"

मी ऐशूकडे वळले. "मग बोलली का नाहीस? तोंड शिवलेलं का?"

"कशी बोलू?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तू सुकट सोडलीस, चहातलं दूध सोडलंस. मला वाटलं, तू माझ्यासाठी नवस केलायस. तो मी कसा मोडू?"

"मी? अगं भवाने, नवस तर तुझा ना!"

"माझा कुठला? धावायच्या वाटेवरच्या तबेल्यातली, आईपासून तोडलेली वासरं मला बघवली नाहीत, म्हणून सोडलं मी."

हे असे हसत सुटले की सोफ्यावरून पडायचेच बाकी राहिले. मलाही हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग रडू. महिनाभर दोघी एकमेकींच्या नवसापायी अर्धपोटी, आणि देवीला बिचारीला पत्ताच नाही!

दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचला. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ आणि भाकरी, पिठलं, सोयाबीनची भाजी. भाताचा एक डाव तर डाळीचाही एक. हुलगे घोड्यांचं खाणं, असं हे म्हणाले. म्हटलं, म्हणूनच तुम्हाला वाढत नाही. मी माझी सुकट परत आणली, आणि ऐशू तिच्या उसळीवर खूश.

चाचणी ठाण्याला होती. घरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मी उन्हात गेटबाहेर उभी. खरं सांगते, स्वतःच्या लग्नात मला एवढी धास्ती वाटली नव्हती. एक अख्खा महिना माझ्या शहाणपणामुळे वाया गेलेला. पोरगी पाच-दहा सेंटीमीटरनं राहिली, तर मी तिला काय तोंड दाखवू?

दीड तासानं ती धावतच बाहेर आली. "मावशी, सहा मीटर बारा!" तिनं मला अशी मिठी मारली की माझी हाडं वाजली. लेखी परीक्षा राहिलेली, पण गोळा गेला होता.

"चल," ती डोळे पुसत म्हणाली, "आज तुला मासळीची थाळी माझ्याकडून. मी नुसती बघत बसेन."

"मला चालत नाही."

"का?"

"इथं उभं राहवेना गं. बोलून गेले देवीला. पोरीचा गोळा जाऊ दे, वर्षभर मटण नाही, मासळी नाही, सुकटसुद्धा नाही."

"म्हणजे परत साबुदाणा?"

"छट्!" मी म्हटलं. "डाळ चालेल, हे देवीशी आधीच ठरवून घेतलंय."