लाल रेषेखालचा पोपट

साहेब त्याला ‘मॉडेल’ म्हणतात, मी पोपट म्हणते. पढवाल तेवढंच बोलतो मेला.

माझा संगणकावरचा प्रोग्राम म्हातारा. अणुभट्टीचे पंप बंद पडले तर तापमान तासागणिक कसं चढेल, हे तो पाण्याची, उष्णतेची सगळी गणितं सोडवून सांगायचा, आणि त्यात दिवस घालवायचा. पोपट गणित सोडवतच नाही. माझ्या प्रोग्रामची जुनी उत्तरं पाहून अंदाज बांधतो, तोही पापणी लवायच्या आत. यात मला काही वावगं वाटलं नाही. आयुष्यभराची उत्तरं मी हौसेने काढून दिली. माझा धाकटा भाऊ त्याच भट्टीच्या नियंत्रण कक्षात पाळीवर असतो. त्याला उत्तर लवकर मिळालं तर मला हवंच होतं.

संताप पुढचा आहे. ज्या उत्तरांत तापमान धोक्याच्या लाल रेषेच्या वर गेलं, तेवढी साहेबांनी पोपटाच्या शिकवणीतून वगळली.

“आलेख बिघडतो हो. आणि असं प्रत्यक्षात कधी झालंय?”

“होऊ नये म्हणूनच काढली होती ती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, साहेब?”

“मॅडम, तुम्हाला हे तंत्र नवीन आहे.”

भर बैठकीत मी पोपटाला विचारलं, सगळे पंप बंद पडले तर? पडद्यावर तापमानाची रेषा जराशी चढली आणि लाल रेषेखाली शहाण्यासारखी आडवी झाली. माझ्या प्रोग्रामच्या उत्तरात तीच रेषा कागदाबाहेर गेली होती. मी तो कागद वर धरला.

“बघा, जुना प्रोग्राम किती घाबरट होता!” साहेब म्हणाले. सगळे हसले. हसा लेको. पोपट मंजूर झाला, माझा प्रोग्राम बंद झाला, आणि त्याच्या खोलीत आता चहाचं मशीन आहे.

सुट्टीच्या दिवशी भाऊ जेवायला आला. मी त्याला सगळं सांगितलं.

“तू उगाच मनाला लावून घेतेस, ताई. तुझ्या प्रोग्रामने नुसती धाकधूक व्हायची. आता पडदा कसा शांत असतो. पंप बंद पडले तर काय करायचं, त्याचा सरावसुद्धा बंद केला साहेबांनी, गरजच नाही म्हणे.”

“आणि खरंच बंद पडले तर?”

“थोडं थांबायचं. चढतं आणि आपोआप स्थिर होतं. आलेखात दिसतं की.”

त्याने ताट पुढे केलं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत वाढलं आणि अर्धी आमटी ताटाबाहेर सांडली.

“म्हातारी झालीस गं ताई,” तो मायेने म्हणाला.