जाडं पुस्तक, बारीक पुस्तक

निशा नागपूरहून आमगावला आली, तेव्हा पुष्पाबाई मिठाच्या पाण्यात बियाण्याचं धान टाकून बसली होती. तरंगलं ते कोंबड्यांना, बुडलं ते पेरायला. नातीनं पिशवीतून दोन पुस्तकं आणि एक सीडी काढली. डॉक्टरकीच्या शिक्षणात पुढल्या महिन्यात तिला मेंदूचे फोटो वाचायच्या विभागात जायचं होतं, आणि ग्रंथालयवाले तोवर एकच वस्तू ठेवू देणार होते.

"कोणतं ठेवू, तेच ठरवून राहिली, आजी. सिनिअर म्हणतात, बारीक पुस्तक पुरे. सीडीतले फोटो चांगले हायेत."

"अन् लाइट गेल्यावर सीडी का चाटशीन?" पुष्पाबाईनं हात पदराला पुसले आणि दोन्ही पुस्तकं तळहातावर तोलली. "पहिले हे सांग, तुह्या आजाचा फोटो कोणत्यात हाय?"

आजा, केवळराम, आत खाटेवर होता. उजवा हात लुळा पडला होता, आता बायकोचं नावही त्याला सापडत नव्हतं. त्याच्या डोक्यातल्या गाठीची फिल्म तिनं खिडकीला चिमट्यांनी टांगली होती. आल्यागेल्याला ऐटीत दाखवायची, "नागपूरच्या मशीनचा हाय. तुमच्या घरी हाय का कोणाचा?" घरी न्या, असं डॉक्टर म्हणाला होता. ते ती कोणाला सांगत नसे. त्या डॉक्टरले येत नसंन, माही नात शिकून राहिली, एवढंच म्हणे.

निशानं जाडं पुस्तक उघडलं. खिडकीतल्या फिल्मसारखंच पांढरं कडं, मधे काळं. पुष्पाबाईची शाळा दुसरीत सुटलेली, पण बांधावरून वावर मोजणाऱ्या नजरेला पान कळलं. बाकीच्या रोगांचा मजकूर पानंच्या पानं चालला होता. या रोगाचा मात्र फोटोखाली तीन ओळींतच संपला होता.

"बाकीच्याइले एवढं, अन् याइले एवढंसंच? काऊन?"

निशा पान उलटू लागली.

"दुसरं उघड."

बारीक पुस्तकात फोटोखाली एकच ओळ होती.

"वाच."

"आजी, हे फोटो ओळखायचं पुस्तक हाय. औषधाचं नाही."

"वाच म्हटलं ना तुले."

"बहुतेक रुग्ण वर्षभरही..." निशा तिथंच थांबली.

पुष्पाबाईनं ते पुस्तक मिटून पिशवीत कोंबलं. "हे वापस कर. जाडं ठेव."

"त्यातही तेच लिहिलं हाय, आजी."

"असू दे. त्यानं दोन ओळी तरी जास्त लिहिल्या."

ती पुन्हा पाण्यावरचं धान काढू लागली. आतून केवळरामचा आवाज आला, नुसता आवाज, त्यात नाव नव्हतं. तिनं ओ दिली.