उलटा पडदा आणि नखाएवढा तुकडा

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाट्या आणि कार्डं करून देणारा तिथला मालक दोन महिन्यांपूर्वी वारला होता, आणि आज अर्धी गल्ली त्याच्याच काँप्युटरसमोर हात जोडून उभी होती. मालक त्यातून बोलतो, अशी बोलवा होती.

टेबलावरचा कीबोर्ड आणि माऊस यांना कुणाचाही हात लागला नव्हता. तरी पडद्यावरचं चित्र सगळ्यांच्या देखत उलटं झालं. वरचं खाली आलं, खालचं वर गेलं.

"आले," समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसलेले पडदेबाबा म्हणाले. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाड शाल, दोन्ही हात शालीच्या आत. "तिकडच्या जगात सगळं उलटं असतं. म्हणून येताना पडदा उलटतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं की काँप्युटरचा डबा म्हणजे देह, पडदा म्हणजे चित्त आणि माऊस म्हणजे मन. मन चंचल, म्हणून ते सारखं धावतं.

"आणि प्रिंटर?" कुणीतरी विचारलं.

"प्रिंटर म्हणजे कर्म. आत जे साठलं ते बाहेर येणारच."

"कधी कधी कागद अडकतो," मागून गल्लीतला वाणी पुटपुटला. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

शिवणबाई भिंतीला टेकून हे बघत होत्या. उभं आयुष्य शाळेत शिवण शिकवण्यात गेल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं. मालकाची बायको त्यांची धाकटी बहीण. ती सगळ्यात पुढे, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसली होती. तीन दिवसांपासून तिने हृदयाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. का, ते आज सकाळीच बाईंना कळलं होतं, म्हणून त्या आल्या होत्या.

पडदा सरळ झाला. पांढऱ्या पानावर एकेक अक्षर उमटू लागलं: गोळ्या घेऊ नकोस. माझ्यावर विष्वास ठेव.

बहिणीच्या डोळ्यांना धार लागली. बाईंची नजर मात्र त्या 'विष्वास'वर अडली. भाऊजी असं लिहितील? गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी चुकीचं अक्षर पाटीवर चढू न देणारा माणूस तो. 'शुद्ध'ऐवजी 'शुध्द' लिहा म्हणणाऱ्या एका दूधवाल्याचं पाटीचं काम त्यांनी परत केलं होतं. मेल्यावर माणसाचं शुद्धलेखन बिघडतं, असं बाईंनी तरी ऐकलं नव्हतं.

महिनाभर त्या वाचनालयातल्या काँप्युटरच्या वर्गाला जात होत्या. पहिल्याच दिवशी तिथली शिकवणारी मुलगी म्हणाली होती, "पडदा स्वतः विचार करत नाही. डबा सांगतो ते दाखवतो. आणि डब्यालाही कुणीतरी सांगावं लागतं."

मग आत्ता कोण सांगतंय? बाई टेबलाला वळसा घालून मागे निघाल्या.

"मागे जाऊ नका," पडदेबाबा म्हणाले. "तिथे शक्तीचा प्रवाह आहे."

"हो, तिची वायर दिसतेय मला," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर बसल्या.

शिवणीवरून फिरवावं तसं बोट त्यांनी एकेका वायरीवरून फिरवलं. एक विजेची. एक पडद्याची. कीबोर्डची, माऊसची, प्रिंटरची. पाचही जागच्या जागी. पण शेजारच्या खाचेत आणखी काहीतरी होतं: नखाएवढा काळा तुकडा, वायर नसलेला. असाच तुकडा वर्गातल्या बिनवायरीच्या माऊसला होता. लांबून दाबलेलं तो हवेतून पकडतो आणि डब्याला सांगतो.

"ताई, काय करतेस?" बहीण कळवळली. "ते जातील निघून."

"एवढ्याने नाही जायचे," म्हणत बाईंनी तुकडा उपसला.

अर्ध्या शब्दावर अक्षरं थांबली. शाल मात्र थांबली नव्हती. तिच्याखाली काहीतरी टकटक चाललंच होतं. वाण्याने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं.

"बाबा, मन अजून धावतंय तुमचं," तो म्हणाला आणि शाल बाजूला केली. मांडीवर वहीएवढा कीबोर्ड होता.

बाईंनी तुकडा परत खोचला. "दाबा हो काहीतरी." वाण्याने दाबलं, पडद्यावर 'क' उमटला. कोपऱ्यातली दोन बटणं आणि वरचा-खालचा बाण यांच्यावर चाचपून कळावेत असे ठिपके चिकटवलेले होते. ती दोन बटणं आणि खालचा बाण त्याने एकदम दाबला, तसा पडदा उलटला. त्याच बटणांसोबत वरचा बाण दाबल्यावर सरळ झाला. परलोकाची वारी वाण्याने चार वेळा करवली, तेव्हा लोक हसायला लागले. पहिल्या दिवशी दुकान 'शुद्ध' करायला बाबांनी सगळ्यांना बाहेर का घालवलं होतं, तेही आता उमगलं: तुकडा तेव्हाच खोचला होता. बाबा चपला शोधू लागले.

"चपला नंतर," वाणी दारात आडवा झाला. "आधी गोळ्यांचं बोलू."

बहीण हसली नाही. "मला त्यांचे दोन शब्द हवे होते गं," ती एवढंच म्हणाली.

बाई तिच्याशेजारी बसल्या. "मग ते डब्यात आहेत. पडदा बंद केला तरी आतलं साठवलेलं जात नाही." त्यांनी अडखळत एक फोल्डर उघडलं. एकेक पाटी पडद्यावर आली. रेखीव, ठसठशीत, एकाही चुकीशिवाय. दहाव्या पाटीवर बहिणीने ओढणीने तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. गोळी तिने स्वतःच पाकिटातून काढली, आणि त्याच संध्याकाळी दोघी डॉक्टरांना भेटून आल्या.

दुःखात माणूस भोळा होतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आपल्याला न कळणाऱ्या वस्तूचा अर्थ कुणी शालीआडून सांगू लागला, तर हात जोडण्याआधी तेच हात वापरून बघावेत. वायर कुठून येते, कुठे जाते, हे विचारावं. उत्तर द्यायला जो घाबरतो, त्याच्या सांगण्यावरून औषध तर कधीच सोडू नये.