चकचकीत रणगाडे

आमच्या घरातलं नौदल काचेच्या कपाटात असतं आणि पायदळ बुटांच्या खोक्यांत. बोटाच्या पेराएवढ्या युद्धनौका, काडेपेटीत मावतील असे रणगाडे, ट्रक, तोफा. सगळं नवऱ्याने हौसेने जमवलेलं आणि स्वतः रंगवलेलं. ते दातांच्या कवळ्या बनवायचे. दिवसभर लोकांना दात बसवायचे आणि रविवारी माझे घशात घालायचे, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. कारण रविवारचा शत्रू तोच. दोघं टेबलावर हिरवं कापड पसरून फासे टाकत, टेपने अंतरं मोजत आणि शाळकरी पोरांसारखे भांडत.

मग यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर कधी थांबलीच नव्हती. उजवा हात मात्र परत आला नाही. मांडीवर कुणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा पडून असायचा.

भाऊ भेटायला आला तेव्हा हे म्हणाले, "खोकी घेऊन जा. कपाटही ने."

"का? घर बदलताय?"

"रणगाड्यांची नवी तुकडी रंगवायची राहिली ती राहिलीच. आता काय होणार माझ्याच्याने?"

"मग बिनरंगाचे खेळा की," मी मध्येच तोंड घातलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर रस्त्यात पायजम्यावर फिरायला सुचवलं होतं. न रंगवलेलं काहीही टेबलावर उतरत नाही, हा त्यांचा कायदा.

"नियम तो नियम, ताई," भाऊ म्हणाला. "भावजी, मी रविवारी येतोय. ती तुकडी तयार नसेल तर तुम्ही हरलात असं धरतो."

दाराशी गाठून मी त्याला झापलं. "माणसाचा हात उचलत नाही आणि तू कायदे सांगतोस? काळीज आहे का दगड?"

तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघताच म्हणाला, "मी सूट दिली ना, तर उद्या हीच खोकी माझ्या घरी पोचतील. मग ते खुर्चीतून उठायचे नाहीत."

 मी ते कोरे रणगाडे पर्समध्ये घालून माझ्या ब्यूटी पार्लरमध्ये नेले. नखावर गुलाब काढणारीला रणगाड्याचं काय अप्रूप? गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात रंगवत गेले. कडा अशा सरळ, की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. आणि शेवटी, हाताच्या सवयीने, सगळ्यांवर नखांचा चकचकीत टॉप कोट मारला.

घरी आणून यांच्यासमोर मांडले. यांनी एक डाव्या हातात घेतला, खिडकीशी नेला, फिरवून पाहिला. रणगाड्यात खिडकीचे गज दिसत होते.

"हे लढायला निघालेत की लग्नाला?"

मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून मी पुढे झाले. पण ते हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"नशीब धातूचे आहेत. प्लास्टिकचे असते तर तुझ्या त्या नेलपेंटने वितळले असते."

"मग आता काय हो?"

"आता वरून मॅट वार्निश मार, चमक जाईल. वाळलं की चिखल. तपकिरी रंग घे आणि स्पंजचा तुकडा."

मी चिखल लावायला घेतला.

"अगं, ठिपक्यांचा फ्रॉक शिवतेस का? चिखल असा ओळीत उडतो होय?"

"मग तुम्हीच दाखवा ना."

बोलून गेले आणि जीभ चावली. यांनी शेजारचा रणगाडा पुढ्यात ओढला. मग डाव्या हाताने स्पंज उचलला.  स्पंज चाकांवरच्या पट्ट्यावर टेकला, घसरला, बाजूवर फराटा उमटला, कुठे नुसतेच शिंतोडे उडाले. रणगाडा ओल्या शेतातून नुकताच बाहेर आल्यासारखा दिसू लागला.

यांनी तो माझ्या ठिपकेवाल्याशेजारी ठेवला आणि दोन्ही ताडून पाहिले.

"पूर्वी मला चिखल जमायचा नाही," ते म्हणाले. "फार नीट व्हायचा. दुसरा दे."

रविवारी भावाने चष्मा चढवून एकेक रणगाडा तपासला.

"रंग ताईचा. कडांवरून कळतंय. चिखल कुणाचा?"

"का, काय खोड काढायची आहे?" हे म्हणाले.

"नाही. झकास आहे. उतरवा टेबलावर."

आणि मग त्याने यांना यथेच्छ धुतलं. यांचा फासा डाव्या हातातून टेबलाखाली पडला, तर "पडलेला धरत नाही, पुन्हा टाका" म्हणाला, पण स्वतः उठून उचलून दिला नाही. सगळ्यात चांगला चिखल लागलेला रणगाडा त्याने पहिल्याच माऱ्यात उडवला.

"अर्धा इंच खाल्लास," हे ओरडले. "टेप सरळ धर, चोरा."

"सरळच आहे. तुमची नजर वाकडी आहे."

मी चहा टाकायला गेले ती ओट्याला टेकून उभीच राहिले. एकदाही तो मुद्दाम हरला नाही, एकदाही त्याने आवाज मऊ केला नाही. याबद्दल मी त्याची किती ऋणी आहे, हे त्याला सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणेल, मग चहात साखर जास्त घाल. तेवढी मी घातली.

बाहेर यांचा आवाज चढला होता. "आज सोडतो तुला. पुढच्या रविवारी बघ."

"बघू की. पण ते नवे ट्रक अजून कोरे आहेत, भावजी."

"माहीत आहे मला. तुझ्या बहिणीला सांग, टॉप कोट घरी आणायचा नाही."